बाबा खाकरले

निवृत्त कारकुनाने कविता करू नये, असा शासन निर्णय माझ्या पाहण्यात नाही. म्हणून मी केली. मेहकरला आईबापांवरच्या कवितांची आणि गाण्यांची संध्याकाळ होती. मी नाव दिलं. खरं कारण आई. बाबा गेल्यापासून तिने त्यांच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. रडलीही नव्हती. म्हटलं, कवितेने तरी बोलती होईल.

बाबा, म्हणजे भगवंतराव, फार बोलणारे नव्हते. घरात शिरण्याआधी दारात थांबून एकदा खाकरत. त्यासरशी आई आणि माझी बायको मंजुश्री डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहत, आणि मी पुस्तक शोधू लागे (नोकरी लागल्यावरसुद्धा). आम्हा बापलेकांचा एवढाच संवाद. कवितेत मात्र मी त्यांना ‘मायेचा वटवृक्ष’ केलं होतं.

दिवेलागणीला शाळेच्या सभागृहात मी उभा राहिलो. मंचावर एक दिवा, समोर अंधार, आणि अंधाराच्या टोकाला उघडं दार. साथीला बासरी. पहिलं कडवं संपलं, बासरी थांबली, आणि मागे दारापाशी कोणीतरी खाकरलं.

तो आवाज मी ओळखला.

‘बाबा, तुम्ही मला खांद्यावर नेलंत...’ (नेलं नव्हतं.) दुसरं कडवं संपलं. बासरी थांबली. पुन्हा तेच खाकरणं. या वेळी जरा रागावून.

पहिल्या रांगेत आई डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. “ऊठ वं मंजू, मामंजी आले तुहे!”

मंजुश्री उठली. मागच्या म्हाताऱ्या एकेक करून उठल्या, पदर सारखे केले. सगळ्या माना दाराकडे. दारात कोणीच नव्हतं.

उरलेला वटवृक्ष तिथेच तोडून मी “बाबा, चुकलो!” म्हणालो आणि खाली उतरलो. (टाळ्या याच ओळीला पडल्या.)

साउंडवाला देवानंद धावत आला. “काका, भूतगित काई नाई. गान्यासाठी मांगच्या स्पीकरले इको लावला होता, तो तुमच्या टायमाले काढाचा राह्यला. शब्द बासरीत बुडून गेले. तुमी दर कडव्यानंतर खाकरता ना, तेवढंच मांगून ऐकू आलं.”

“मी कशाला खाकरू?” मी चिडून म्हणालो.

आणि मशीन बंद असताना तोच आवाज आला. अगदी कानाशी. मी गर्रकन दाराकडे वळलो.

“अवो, आत्ता तुमीच खाकरले!” मंजुश्री म्हणाली. “रातच्याला झोपीत बी खाकरता, रोज ऐकून राह्यली मी.”

आई अजून उभीच होती. डोळे भरलेले. “कितीक वर्सं झाले, दार मुकं होतं पाह्य,” ती म्हणाली, आणि मग बोलतच सुटली. घरी येईपर्यंत ऑटोत बाबाच बाबा. “लगनानंतर पयल्यांदा खाकरले, तं मी अशी दचकली! हातातला तांब्या त्यायच्याच पायावर. तरी काई बोलले नाईत. नुसते अजून एकडाव खाकरले.” ती हसली, मग पदराने डोळे पुसले.

मी धीर करून विचारलं, “आणि माझी कविता?”

आईने जरा विचार केला.

“खाकरनं तुहं हुबेहूब त्यायचंच हाये. पन ते कविता कोनाच्या बापावर केली होती रे?”