कौसाक्काची गिरकी

कौसाक्का लॅपटॉपला शिव्या देते. साध्यासुध्या नाहीत, पार खानदानासकट. "मुडद्या, नुसता फिरतोयस काय? पाय मोडलं व्हय तुझं?" असं म्हणून त्याला एक चापट. लॅपटॉप आपला पडद्यावर गोल गोल फिरत बसतो आणि आक्का बाकड्याकडं वळून फर्मावते, "बसा. गिरकी सुरू झाली. च्या टाकते."

डाळजला तिचं दाखले-उतारे काढून द्यायचं दुकान. पुढं दुकान, मागं एक खोली. नवरा वारला, मूलबाळ नाही. बाकड्यावर टेकलेला माणूस तासभर काही उठत नाही. तेवढ्यात आक्का त्याची सून, गाय, गुडघे सगळ्यांची चौकशी करते आणि वर त्यालाच झापते. "गुडघं दुखत्यात म्हणं! डाक्टरकडं जायाला आवतान पायजे का?"

मी त्याच गावचा. भिगवणला लॅपटॉप दुरुस्त करतो. आता मला सांगा, माझ्यासारख्यानं एका सातबाऱ्यासाठी तिथं अडीच तास बसायचं? बसलो. तीन कप चहा झाला, उतारा काही निघेना. डोकं भणाणलं.

"आक्का, आण ते डबडं इकडं!"

"हात लावलास तर हात मोडीन."

"मोड!" म्हणालो आणि वायरीसकट उचलून भिगवणला आणलं.

उघडलं आणि कपाळावर हात मारला. पंख्यात शेतात पेटवलेल्या उसाच्या पाचटाची काजळी, साखर आणि त्या साखरेपायी मेलेल्या मुंग्या. अशा अवस्थेत ते चालत होतं हेच नवल. सगळं झाडून पुसून काढलं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम दुप्पट केली. बटण दाबलं तर पापणी लवायच्या आत चालू! नेऊन दिलं. म्हटलं, म्हातारी आता तरी दोन शब्द बरे बोलेल.

आठवड्यानं आक्का भर गिऱ्हाइकीत माझ्या दुकानात येऊन उभी. "माझी जुनी डिस्क बसव."

"का? नवी चालत न्हाय?"

"चालतीय. लई चालतीय."

"मग?"

"मला न्हाय आवडत."

माझी सटकली. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? लोक हातापाया पडत्यात, जरा जोरात पळव म्हणून, आणि तू चाललीस उलटी!"

ती पिशवी छातीशी धरून उभी राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सकाळपास्नं सहा जण आलं. सहाच्या सहा उभ्या उभ्या कागद घिऊन गेलं. पातेलंभर च्या मोरीत वतला."

माझ्या डोक्यात राग. मी ऐकतोय कुठं? "डिस्क भंगारात गेली, जा!" म्हणून तिला वाटेला लावली. न भांडता गेली. ते मात्र मला दिवसभर टोचत राहिलं.

सातबारा तर राहिलाच होता. चार दिवसांनी परत डाळज गाठलं. बघतो तर बाकडं गच्च भरलेलं, चहा उकळतोय आणि आक्का तापलेली. "फिर मुडद्या, फिर! न्हायतर दुसरं काय येतंय तुला?"

माझ्या कामावर शिव्या! तणतणत टेबलामागं गेलो. पडदा भिंतीकडं वळवलेला. त्यावर गिरकी नव्हती, काही नव्हतं. छापून झालेले चार उतारे साखरेच्या डब्याखाली पालथे घातलेले.

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. भ्यालेली आक्का मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

बाकड्यावरनं नामदेवतात्या म्हणाले, "काय रं, तूच दुरुस्त केलंयस नव्हं? आन् परत घोडं अडलं व्हय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पंधरा वर्षं राबून नाव कमावलंय मी, बाजारात पडून सापडलेलं नाही! अंगाचा नुसता तिळपापड झाला. साखरेचा डबा उचलला असता की संपलं होतं.

"चुकलं तात्या," मी म्हणालो. "माझ्याच हातनं काय तरी राहिलं. आता हे असंच चालणार."

"मग कशाला धंदा करतोस?" तात्या म्हणाले आणि अख्खं बाकडं हसलं.

आक्कानं पातेल्यात आणखी कपभर पाणी ओतलं. "उभा काय राहिलास मुडद्या?" माझ्यावर खेकसली. "गिरकी चाललीय. बस."

तात्या जरा सरकले. मी बसलो.