टिटवीचं बाळंतपन

माजे धाकटे दीर, नामा भावजी, पाखराचं सुवेर पाळायचे. हसू नगा, खरंच पाळायचे.

उन्हाळ्यात आमच्या कोंडाण्याच्या लेन्यांखालची नदी आटायची. वाळूत खड्डा खनायचा, त्यात पानी झिरपायचं, तो आमचा झिरा. वाटीवाटीनं हंडा भरायचा. एका सालाला झिऱ्याच्या वाटंवरच टिटवीनं अंडी घातली. उघड्यावर, गोट्यांत. अंडीबी गोट्यासारखीच, दिसायची नायत. पाय पडला की संपलं. मानूस आला की ती उठायची, वरडत डोक्यावर फिरायची, अन् खाली उन्हात अंडी भाजायची.

भावजींनी तितं काठी रोवली, बाळंतिनीच्या दाराला लावतात तशी लिंबाची डहाळी तिला बांधली, अन् आडवे हुबे रायले.

"बाळंतीन हाय. आत पाय ठेवायचा नाय. वाट वाकडी करा."

शेजारची सखू म्हनाली, "अरं नामा, नवरा तू का काय तिचा?"

बाया हसल्या. भावजी नाय हसले. "हसा. पन तिकडनं जाऊन हसा."

तिकडनं म्हंजे लांबनं, तापल्या वाळूतनं. मला आठवा लागलेला. मालक माथेरानला हातरिक्षा वढायचे, सीझनात घरी येत नव्हते. मी पोट सावरत लांबनंच गेले. सखू गप बसनारी नव्हती. "पाखरू बसनार, अन् आमी मरायचं व्हय रं?"

दुसऱ्या दिशी भावजींनी नदीच्या वाकनावर नवा झिरा खनला, अन् आमच्या आळीचं पानी सोता वाहू लागले. डोकीवर चुंबळ, चुंबळीवर हंडा. बाप्या मानसानं हंडा वाहायचा म्हंजे गावाला तमाशाच. पारावरचे गडी म्हनायचे, "नामाबाय, जरा हळू चाला!"

"हळूच चाललोय," भावजी म्हनायचे. "सांडंल."

गुरंबी वरल्या उतारानं घालायला लावली. कुनी आयकलं नाय की मधी जाऊन बसायचे, उन्हात, टकुरं झाकून.

पिल्लं निगाली. निगाली तशी गोट्यांवरनं सुळकन पळालीबी. वाट मोकळी झाली.

मंग मी बाळंत झाले. पोरगी झाली. पाचवी पुजली, अन् दुसऱ्याच दिशी सासू म्हनाली, "उठ गं, पानी आन. आमी काय बसून रायलो व्हतो?"

पैल्या बाळंतपनातबी मी अशीच पान्याला गेले व्हते. मी वाचले. भावजींची बायको जनी, तीबी अशीच गेली व्हती. ती झिऱ्यापाशी पडली, उठली नाय. लेकरूबी मागं रायलं नाय. भावजी तवा आईपुढं चकार शबूद बोलले नव्हते.

मी भिंत धरून उठले. हंडा जागंवर नव्हता.

भावजी भरून घेऊन दारात आले. सासू तडकली. "आता तर पाखरं गेली रं! आता कुनासाठी वाहतोस?"

भावजी उंबऱ्याबाहेरच थांबले. "आये, टिटवीला बसू दिलं. वैनीलाबी बसू दे." मंग हळूच म्हनाले, "जनीला म्या..."

 हंड्यातलं पानी मानेवरनं वघळत व्हतं.

 सासू पुढं झाली, अन् दोनी हातांनी त्यांच्या डोकीवरचा हंडा उतरून घेतला.