विसराळू लॅपटॉपचं प्रकरण

“नजर घारीची, डोकं बर्फासारखं थंड, आणि माझी चूकसुद्धा बरोबर असते,” असं आमचे हे स्वतःबद्दल सांगतात. पोटापाण्यासाठी ते चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतात, पण मनाने अस्सल गुप्तहेर. आजवर त्यांनी अकरा प्रकरणं हाती घेतली. त्यातली नऊ मी सोडवली, एक आपोआप सुटलं आणि एकाची फाइल माळ्यावर कुठेतरी हरवली आहे. मी त्यांची बायको, म्हणजे बिनपगारी सहायक.

या वेळी भानगड लॅपटॉपची होती. बिचारा म्हातारा झाला होता. तो सुरू करून चहा ठेवला, तर चहा आधी उकळायचा. शनिवारी यांनी जाहीर केलं, “यातलं जड विंडोज काढून टाकतो आणि त्याजागी हलकं लिनक्स घालतो. मग बघ कसा पळतो!”

“अहो, त्यात माझं पुस्तक आहे.”

“बॅकअप घेतलाय. चिंता सोड.”

माझं पुस्तक शिवणकामाचं. तीन वर्षं रोज दोन तास बसून लिहिलेलं, एकशे बारा पानं, बाह्या, कॉलर आणि काजांच्या आकृत्यांसकट. बुधवारी दुपारपर्यंत ते प्रकाशिकेला पाठवायचं होतं. यांनी कुठूनसा एक पेन ड्राइव्ह आणला, त्यावर लिनक्स उतरवून घेतलं, तो लॅपटॉपला तसाच खोचून बटण दाबलं आणि पडद्यावर लिनक्सचं चिन्ह असलेला पेंग्विन आला. यांनी टाळ्या वाजवल्या.

“छान. आता बॅकअप द्या.”

“तो लॅपटॉपवरच आहे. ‘महत्त्वाचं’ म्हणून वेगळा फोल्डर केला होता.”

“ज्या लॅपटॉपवरचं सगळं तुम्ही आत्ता पुसलंत, त्याच लॅपटॉपवर?”

“सुरक्षित जागा होती ती,” हे म्हणाले, पण आवाज बसला होता. मी शिलाई मशीनपाशी जाऊन बसले आणि खूप रडले. तीन वर्षं परत कुठून आणणार होते मी?

रविवारी सकाळी यांनी लॅपटॉप सुरू केला आणि हे आनंदाने ओरडले. आदल्या दिवशी त्यांनी पडद्यावर लावलेला धबधब्याचा फोटो गायब होता. वायफायचा पासवर्डही लॅपटॉप नव्याने मागत होता.

“घरात कोणीतरी शिरतंय! माझा धबधबा पुसून जातंय. अगं, तुझं पुस्तकही त्यानेच नेलं!”

स्वतःवरचा आळ असा परस्पर दुसऱ्यावर गेल्याने त्यांची भूक वाढली. पहिला संशयित ठरला शेजारचा दातांचा डॉक्टर, कारण ‘त्याच्याकडे बारीक हत्यारं असतात’. दुसरी, समोरच्या रस्त्यावर शिवणाचा क्लास घेणारी बाई. “तिच्या बाह्या कायम काखेत दाटतात. तुझ्या आकृत्यांचा फायदा कोणाला?” हे मात्र मला जरा पटलं.

सोमवारी रात्रीच्या जेवणाआधी बोटांचे ठसे मिळावेत म्हणून यांनी कळांवर पावडर भुरभुरली. मंगळवारी नव्याने लावलेला धबधबा पुन्हा गायब, आणि ठसे मिळाले ते सगळे यांचेच. “चोर हातमोजे घालतो,” यांनी वहीत लिहिलं आणि हे चार वेळा शिंकले.

“अहो, पडद्यावर ‘इन्स्टॉल करा’ असं काहीतरी दिसतंय.”

“हात लावू नको! सापळा आहे तो. आलेलं लिनक्स कोण कशाला पुन्हा घालेल?”

बुधवारी सकाळी सासूबाई फिरायला जायचे बूट घालून खोलीत आल्या. “अरे, माझी ती काडी परत करणार आहेस की नाही? चार दिवस नुसती खोचून ठेवलीयस.” त्यांनी बंद लॅपटॉपच्या कडेचा पेन ड्राइव्ह उपटला आणि त्या आपल्या खोलीत गेल्या.

यांनी रोजच्यासारखा पंचनाम्यासाठी लॅपटॉप सुरू केला. पेंग्विन आलाच नाही. विंडोज आलं, आमचा जुना निळा पडदा आला, त्यावर ‘महत्त्वाचं’ आणि त्यात माझं पुस्तक! मी पानं मोजली. एकशे बारा.

“चोराला पश्चात्ताप झाला!” हे किंचाळले.

“कसला चोर!” सासूबाई आतून म्हणाल्या. “तुझा पेंग्विन या काडीतच बसला होता. लॅपटॉपमध्ये तू त्याला घातलाच नाहीस. माझ्या स्पीकरची काडी काढली की गाणी थांबतात की नाही? तसंच ते.”

बरोबर होतं. लॅपटॉप बंद केला की काडीतला पेंग्विन धबधबा, पासवर्ड सगळं विसरत होता. दिवसभर लोकांना भिंतीवरची शेवटची ओळ वाचायला लावणाऱ्या माणसाला बोटभर काडी चार दिवस दिसली नव्हती. सासूबाईंनी ती स्पीकरला लावल्याचा आवाज आला. मग कसलाच आवाज आला नाही.

“अरे, माझी गाणी कुठे गेली? दोनशे होती!”

यांचा चेहरा पांढराफटक पडला. “आई, यात बाहेरच्या माणसाचा हात दिसतो!”

शनिवारी ‘यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का?’ असं पडद्यावर आलं होतं आणि यांनी बेधडक ‘हो’ दाबलं होतं. मी शेजारीच उभी होते. तो प्रश्न लॅपटॉपबद्दल नव्हताच, सासूबाईंच्या काडीबद्दल होता, हे मला आत्ता कळलं.

हे माझ्याकडे बघत मानेने ‘नको, नको’ म्हणत होते. मी आधी पुस्तक पाठवलं. प्रकाशिकेचं ‘मिळालं’ येईपर्यंत थांबले. मग खुर्ची मागे सारली आणि साक्ष द्यायला सासूबाईंच्या खोलीत गेले.