बाबांच्या चहातली पट्टी

यंदा ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, आधी मी भात सोडला, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

तसं पाहिलं तर घोळाची सुरुवात एप्रिलमध्येच झाली होती. आमच्या नगरपालिकेत दर वसंतात सगळ्या कर्मचाऱ्यांची तब्येत तपासतात. मी पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे. (गावाचं पाणी शुद्ध आहे की नाही हे आमचं खातं बघतं. माझं शुद्ध आहे की नाही हे बघायला बाहेरून माणसं आली.) तर माझ्या लघवीच्या तपासणीत साखरेच्या नावापुढे त्यांनी एक बारीकशी खूण केली. अगदी बारीक. पण माझी बायको तोमोए बारीक अक्षर चष्म्याशिवाय वाचते.

तिने औषधांच्या दुकानातून पट्ट्यांची डबी आणली. पट्टीवर दोन छोटे चौकोन. एक साखरेचा: साखर असली तर तो पिवळ्याचा हिरवा होतो, जितकी जास्त तितका गडद. दुसरा कीटोनचा. तो कशासाठी असतो हे डबीवर लिहिलं होतं, पण मी वाचलं नाही.

"अहो, ओबोनच्या सकाळी पट्टी कोरी निघाली तर ओहागी मिळतील," तोमोएने जाहीर केलं. "नाही निघाली तर नाही."

ओहागी म्हणजे चिकट भाताच्या गोळ्यावर लाल कडधान्याचं गोड पुरण लिंपलेलं असतं. माझी आई वर्षातून मोजक्याच वेळा करते, आणि ओबोनला तर करतेच, कारण ओबोनला बाबा घरी येतात. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण या दिवसांत गेलेली माणसं घरी येतात, मग त्यांच्या आवडीचं करायला नको? वर्षभर मी त्या ओहागीवर डोळा ठेवून असतो. बाबांनाही फार आवडायच्या. त्यांना साखरेनेच नेलं.

म्हणून मी भात सोडला. ऑफिसात डब्यातला भात शेजारच्या टेबलावरच्या हिरोसावाला देऊन टाकायचो. (तो दोन-तीन दिवसांत गुटगुटीत दिसायला लागला.) घरी पोट बिघडल्याचं सांगून नुसता मासा आणि मुळा खायचो. डोकं हलकं व्हायला लागलं, पाणीपट्टीचे आकडे डोळ्यांपुढे पोहायला लागले, पण मी डगमगलो नाही.

ओबोनच्या आदल्या दिवशी साहेब गावाहून परत आले आणि त्यांनी खात्यात सगळ्यांना मांजू वाटले. मांजू म्हणजे पुन्हा तेच गोड पुरण, मऊ पोळीत भरलेलं. प्रवासाहून आलेल्या साहेबाने दोन्ही हातांनी पुढे केलेला मांजू नाकारायचा म्हणजे नोकरीवर लाथ मारण्यासारखं आहे. मी तो खाल्ला. साहेब म्हणाले, "अजून एक उरलाय, नागासे." मी तोही खाल्ला.

रात्रभर झोप नाही. सकाळी तोमोए कागदी कप घेऊन संडासाबाहेरच्या बोळात उभी. पट्टी तीच वाचणार होती, कारण तिच्या मते मला रंग कळत नाहीत. मी कप घेतला, पाणी पिऊन येतो म्हणून आधी स्वयंपाकघरात शिरलो आणि फ्रीज उघडला. पुढेच भाजलेल्या जवाच्या चहाचा जग होता. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याऐवजी हाच पितात. त्यात साखर नाही, दूध नाही, आणि रंग म्हणाल तर हुबेहूब. किंबहुना माझ्यापेक्षा जरा बरा. मी अर्धा कप भरला, संडासात गेलो, जितका वेळ लागतो तितका वेळ आत उभा राहिलो, पाणी सोडलं आणि बाहेर आलो.

तोमोएने कप हातात घेतला. "अहो, गार आहे हे."

"रात्रभर एसीत झोपलो होतो ना."

तिने माझ्याकडे पाहिलं, पण पट्टी बुडवण्याची घाई असल्यामुळे तिथेच सोडून दिलं. पट्टी बुडवली, बाहेर काढली. मी चेहऱ्यावर माफक अभिमान आणून वाट पाहत होतो. आणि साखरेचा चौकोन हिरवा झाला. मग गडद हिरवा. मग डबीवरच्या सगळ्यात शेवटच्या रंगाच्याही पुढे गेला.

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. ती बोळातच खाली बसली. बाबांच्या पायाची जखम शेवटी शेवटी तीच धुवायची, रोज, आणि ती जखम काही भरली नाही. "तुमचं तसं नको व्हायला," एवढंच ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं. खरं सांगून टाकावं असंही वाटलं. पण मग वाटलं, जवाच्या चहाला मधुमेह होत नाही. मग हा हिरवा रंग आला कुठून? माझ्या बोटांतून उतरला की काय? खरंच, मी इतका गोड झालो होतो?

तासाभरात आम्ही इवाकी डॉक्टरांच्या दवाखान्यात होतो. आईसुद्धा आली, पुरणाचे हात धुऊन. इवाकी डॉक्टर म्हणजे बाबांचेच डॉक्टर. बाबांना जन्मभर रागावून ते म्हातारे झाले. त्यांनी मला कप दिला. इथे संडासाच्या भिंतीत एक छोटी खिडकी असते, त्यात कप ठेवायचा आणि पलीकडून नर्स तो उचलते. मध्ये फ्रीज लागत नाही. मी मुकाट्याने कप भरून ठेवला.

थोड्या वेळाने डॉक्टर दोन पट्ट्या घेऊन आले. एक सकाळची, तोमोएने कागदात गुंडाळून आणलेली. एक आत्ताची.

"सकाळच्या पट्टीत साखर मापाबाहेर. कीटोन अजिबात नाही," ते म्हणाले. "आत्ताच्या पट्टीत साखर अजिबात नाही. कीटोन भरपूर. हा बघा, जांभळा झालाय. ही दोन वेगळी माणसं आहेत."

"म्हणजे ह्यांना साखर नाही?" तोमोए.

"नाही. हा दुसरा माणूस उपाशी आहे. पोटात भात गेला नाही की अंगातली चरबी जळते, तेव्हा हे असं जांभळं होतं." डॉक्टर आईकडे वळले. "घरी ह्यांना जेवायला घालत नाही का?"

आईचा चेहरा पडला. साठ वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

"थांबा," तोमोए माझ्याकडे वळली. "मग सकाळची कुणाची होती?"

मी छताकडे पाहिलं.

"घरात आपण तिघंच," आई म्हणाली आणि सुनेकडे बघायला लागली.

"आई, माझी नाही."

"माझी तर नाहीच. मागितली असती तरी दिली नसती."

"शेजारच्या कुमागाईंकडे गेला होतात की काय?" तोमोएने मला विचारलं. "त्यांना साखर आहे."

"चहा होता तो," मी म्हणालो.

"कसला चहा?"

"जवाचा. फ्रीजमधला."

"तरीच गार होतं," तोमोए म्हणाली. ती डोळे पुसता पुसता हसली, आणि दोन्हींनंतर काय येणार हेही मला दिसत होतं.

डॉक्टर मात्र शास्त्राला धरून होते. "जवाच्या चहात साखर नसते."

"म्हणून तर घेतला," मी म्हणालो.

आई खुर्चीतून पुढे सरकली. मग तिने विचारलं, "कुठला जग? पुढचा की मागचा?"

"पुढचा."

"अरे, तो बाबांचा होता."

बाबांना जवाचा चहा मध घालून लागायचा. कपाला दोन चमचे. आईने ओबोनसाठी बाबांचा जग वेगळा केला होता, देव्हाऱ्यात त्यांच्या फोटोपुढे ठेवायला. आणि पाहुणे आधी म्हणून तो पुढे ठेवला होता.

इवाकी डॉक्टरांनी सकाळची पट्टी पुन्हा उचलली, चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिली. "म्हणजे थोरले नागासे अजून मध घेतात?"

"वर्षातून एकदाच, डॉक्टर," आई खालमानेने म्हणाली. "घरी येतात तेव्हा."

"मी त्यांना किती वेळा सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले आणि पट्टी टोपलीत टाकली.

घरी आलो. मी विजयी होतो, माझ्या मते. साखर शून्य. मी हात धुऊन जेवायला बसलो. देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोपुढे दोन ओहागी, शेजारी मधाचा चहा. आई आणि तोमोएपुढेही ओहागी आल्या. माझ्यापुढे भाताची पातळ पेज आली, वर एक खारवलेला आंबट प्लम.

"माझ्या?"

"पट्टी कोरी हवी, असं ठरलं होतं," तोमोए म्हणाली. "साखरेचा चौकोन कोरा हवा, असं नव्हतं ठरलं. तुमची जांभळी आहे."

"अगं, ओहागी मिळाव्यात म्हणूनच तर उपाशी राहिलो."

"हो, म्हणूनच जांभळी आहे."

मी आईकडे पाहिलं. एरवी ती माझ्या बाजूने बोलते, पण जेवायला घालत नाही का, हा प्रश्न अजून तिच्या पानात वाढलेला होता. मी बाबांच्या फोटोकडे पाहिलं. साखरेने गेलेला माणूस दोन ओहागी पुढे घेऊन मजेत बसला होता. मी पेज खाल्ली.

संध्याकाळी नैवेद्याचं ताट खाली उतरलं. देव्हाऱ्यातलं उतरलेलं घरच्यांनीच खायचं असतं, ही रीत काही मी काढलेली नाही. मी सरसावून बसलो. आईने एक ओहागी सुनेला दिली, एक स्वतः घेतली.

"निदान चहा तरी द्या," मी म्हणालो.

तोमोए उठली. मागच्या, बिनमधाच्या जगातला चहा तिने पेल्यात ओतला आणि माझ्याकडे आणता आणता थांबली. कपाटावरची डबी काढून एक पट्टी पेल्यात बुडवली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. दोन्ही चौकोन कोरे.

"हा पास आहे," ती म्हणाली आणि पेला माझ्यापुढे ठेवला.