घराबाहेर पडा, मतदान करा!

मतदानाच्या दिवशी दुपारी चार वाजता पाच माणसं स्वतःचाच फोटो चोरायला निघाली.

फोटो चांगला हातभर रुंद होता आणि खाली सोनेरी अक्षरांत 'विश्वस्त मंडळ' असं लिहिलेलं होतं. लोकांना मतदानाचं महत्त्व पटवून देणाऱ्या संस्थेच्या बैठकीच्या खोलीत तो बावीस वर्षं लटकत होता. बावीस वर्षं मंडळही तेच होतं, कारण लोकशाही शिकवत दारोदार हिंडताना घरची निवडणूक घ्यायला कुणाला सवडच झाली नव्हती. गेल्या वर्षी तरुण पोरांनी नियमांचं पुस्तक शोधून काढलं, निवडणूक लावली आणि अख्खं मंडळ घरी बसवलं. फोटो अडगळीच्या खोलीत गेला.

"पोरांकडे मागायला गेलो तर दात काढतील," माजी अध्यक्ष म्हणाले होते. "मतदानाची सुट्टी आहे, कार्यालयात चिटपाखरू नसेल. आणि किल्ली अजून माझ्याकडेच आहे."

"खुर्ची गेली, किल्ली राहिली," मावशी म्हणाली होती.

मावशी म्हणजे पाचांतली एकटी बाई. शिक्षण तिसरी, धंदा शिवणाचा. संस्थेच्या कागदावर 'सर्वसामान्य जनतेचा एक प्रतिनिधी' असणं सक्तीचं होतं, तेव्हा अध्यक्षांच्या बायकोनं आपल्या शिवणवालीचं नाव सुचवलं होतं. बाकीचे वकील, दातांचे डॉक्टर आणि प्राध्यापक. बावीस वर्षं मावशी बैठकीत डोळे मिटून बसली आणि सांगितलं की हात वर करत राहिली. हात वर करायला कुठं अक्षर लागतं? तिला कमी ऐकू येतं, अशी चौघांची पक्की समजूत होती. तिनं ती कधी मोडली नाही. बहिऱ्यापुढं माणसं खरं बोलतात, हे तिला दुकानात बसून केव्हाच कळलं होतं.

त्या दिवशी मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. प्रभागातून तिची धाकटी सून उभी होती. सून नर्स, तोंडाची तिखट आणि सासूला तोडीस तोड. दोघींचं एक दिवस पटलं नव्हतं. पण भांडण उंबऱ्याच्या आतलं, उंबऱ्याबाहेर घराची अब्रू एकच. सकाळी चपला घालता घालता सून म्हणाली होती, "आई, मला चांगलं म्हणू नका एक वेळ, पण मत तेवढं टाका. माझ्यासमोर उभ्या असलेल्या शाळेच्या मोठ्या बाई फार जोरात आहेत. एकेका मताची मारामारी आहे."

"चाळीस वर्षांत एक मत चुकवलं नाही मी. तुझा सासरा गेला त्या आठवड्यातसुद्धा डोळे पुसत जाऊन टाकून आले. तू नको शिकवूस. माझ्या मंडळाची चार आणते की नाही बघ!"

चौघांनी शब्दही दिला होता. जिना चढताना डॉक्टर तोंडभर हसून म्हणाले, "सूनबाईंना आमची चार मतं धराच, मावशी!" बेत सरळ होता. फोटो घ्यायचा, खाली उतरायचं, समोरच्या शाळेत पाचांनी मिळून मत टाकायचं. मंडळ दर निवडणुकीला असंच शेवटच्या तासाला जात असे. मतदान केंद्रात मोबाइल चालत नाही म्हणून वकिलांनी सगळ्यांना ते घरीच ठेवायला लावले होते.

फोटो जुन्या फलकांच्या गठ्ठ्यामागे सापडला. अध्यक्षांनी स्वतःच्या चेहऱ्यावरची धूळ रुमालानं पुसली, इतरांची तशीच ठेवली. तेवढ्यात वाऱ्यानं अडगळीच्या खोलीचं दार धाडकन लागलं. अध्यक्षांनी मूठ धरून ओढली. मूठ त्यांच्या हातात आली, दार जागेवर राहिलं. मुठीच्या जागी चौकोनी भोक तेवढं दिसू लागलं.

मावशीचा हात आपसूक पिशवीत गेला. पिशवीत शिलाई मशीनचे स्क्रू पिळायचा पेचकस कायमचा असे. तिच्या दुकानाच्या दाराचीही मूठ अशीच गेलेली होती. सहा वर्षं ती भोकात पेचकस घालून पिळायची आणि दार उघडायची. ती तो बाहेर काढणार तोच अध्यक्ष म्हणाले, "घाबरून जाऊ नका. आपण रीतसर बैठक घेऊ."

मावशीनं हात तिथंच थांबवला. सव्वाचार वाजले होते, मतदान सहापर्यंत. अर्धा तास गंमत बघायला हरकत नव्हती. तिनं एका पेटीवर बूड टेकलं आणि सवयीनं डोळे मिटले.

"ठराव पहिला, दार फोडावं," प्राध्यापक म्हणाले.

"दार संस्थेचं आहे," वकील म्हणाले. "आपण माजी. माजी माणसांना आजी दार फोडता येत नाही. लेखी परवानगी लागेल."

"कुणाची?"

"विद्यमान मंडळाची."

"ते बाहेर आहेत हो!"

"म्हणूनच लेखी."

ठराव दुसरा, खिडकीतून ओरडावं. मतं दोन-दोन पडली. अध्यक्षांनी मावशीला हलवून मोठ्यानं विचारलं. तिनं दोन्ही ठरावांना हात वर केला. "दोन्ही मंजूर!" म्हणत डॉक्टर खिडकीकडे धावले, तर वकिलांनी त्यांना अडवून गुप्त मतदानाची मागणी केली. चिठ्ठ्या करायला कागद शोधण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी चौघं खिडकीतून ओरडले. खाली शाळेच्या फाटकावर पोलीस उभा होता. त्यानं वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवून दटावलं.

"त्याचं बरोबर आहे," वकील मागे सरत म्हणाले. "मतदान केंद्राजवळ आरडाओरडा हा गुन्हा आहे."

पाच वाजून गेले. आता पुरे, असं ठरवून मावशीनं पेचकस मुठीत धरला. तेवढ्यात डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मोठ्या बाईंची चार मतं गेली की हो."

"हळू!" प्राध्यापक म्हणाले.

"झोपलीय ती. आणि जागी असती तरी काय ऐकणार?"

"मी तर मोठ्या बाईंना लेखी पाठिंबा दिलाय," अध्यक्ष म्हणाले. "मावशीच्या सुनेला कोण मत देतंय? निवडून आली तर उद्या ही शिवणवाली आपल्या डोक्यावर बसेल."

खायचे दात निराळे आणि दाखवायचे निराळे, हे मावशीला ठाऊक होतं. पण दातांच्या डॉक्टरांचेही तसेच असतील असं तिला वाटलं नव्हतं. मिटल्या डोळ्यांआड तिनं हिशेब केला. दार उघडलं तर सुनेला एक आणि मोठ्या बाईंना चार. नाही उघडलं तर कुणालाच काही नाही. पण तिचं स्वतःचं मत? चाळीस वर्षांत न चुकलेलं? नवरा गेला तेव्हाही टाकलेलं? पेचकस मुठीत गरम होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग तिनं तो सोडला आणि पिशवीची चेन ओढून घेतली.

साडेपाचला प्राध्यापकांना युक्ती सुचली. "ओरडायचं नाही ना? मग फलक लावू!" पण अडगळीत सगळे फलक एकाच मजकुराचे होते. शेवटी खिडकीतून तोच खाली सोडला: 'घराबाहेर पडा, मतदान करा!' वर चार वयस्कर माणसं काकुळतीनं हात हलवत होती. रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. दोन आळशी माणसं तर समोरच्या गच्चीवरून उतरून मत टाकायलाही गेली.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा परिणाम दिसला," अध्यक्ष भारावून म्हणाले.

सहाला शाळेची घंटा झाली आणि फाटक बंद झालं. तेव्हा कुठं पोलिसाला जागा सोडता आली. तो धापा टाकत वर आला आणि बाहेरची मूठ फिरवून त्यानं अलगद दार उघडलं. "प्रचाराचा फलक लावता? लाज नाही वाटत? आणि स्वतः केलंत का मतदान?"

पाचही जणांनी बोटं मुठीत लपवली.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. सून दोन मतांनी निवडून आली.

घर माणसांनी भरलं. सून पाया पडायला वाकली आणि तिची नजर सासूच्या बोटावर गेली. बोट कोरं होतं, शाईचा ठिपकाही नव्हता. ती सरळ उभी राहिली. "सगळ्या प्रभागानं दिलं, घरचं तेवढं नाही मिळालं," ती चारचौघांत म्हणाली. मावशीच्या जिभेवर सतरा उत्तरं आली. तिनं सगळी गिळली. ज्या बाईनं आयुष्यात कुणाचं अर्धं वाक्य ऐकून घेतलं नव्हतं तिनं चार दिवस सुनेचा अबोला मुकाट्यानं सोसला.

पाचव्या दिवशी माजी मंडळ पुष्पगुच्छ घेऊन शिवणाच्या दुकानात हजर झालं. सूनही तिथंच होती.

"काय सांगू, सूनबाई!" डॉक्टर म्हणाले. "आम्ही पाचही जण अडगळीच्या खोलीत अडकलो. दाराची मूठ निघाली आणि मतं हुकली. नाहीतर तुम्ही चांगल्या सात मतांनी आला असता!"

सुनेनं चमकून सासूकडे पाहिलं. "आई, तुम्हीपण आत होतात? बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठं?" मावशी म्हणाली.

चौघं निघाले. दुकानाचं दार ते आत आल्यावर आपोआप लागलेलं होतं. डॉक्टरांनी मूठ चाचपली. तिथं चौकोनी भोक होतं.

"सरका," म्हणत मावशी उठली, पिशवीतून पेचकस काढला, भोकात घातला आणि पिळला. खट् करून दार उघडलं.

चौघांनी भोकाकडे पाहिलं, मग पेचकसाकडे आणि मग मावशीच्या पिशवीकडे.

"मावशी," डॉक्टरांनी पेचकसाकडे बोट दाखवलं, "हा... त्या दिवशीसुद्धा पिशवीत होता?"

"काय म्हणालात?" मावशीनं कानाला हात लावला. "मला मेलीला कमी ऐकू येतं."

माजी मंडळ एकामागून एक बाहेर पडलं. ठराव कुणीच मांडला नाही.

सून पुष्पगुच्छाकडे बघत उभी होती. तिनं बोटांवर मोठ्या बाईंची हुकलेली चार मोजली, त्यातून सासूचं एक वजा केलं, मग आपली दोन आठवली. शिलाई मशीन पुन्हा खडखडू लागलं होतं. त्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येईल इतक्या हळू ती पुटपुटली, "आई, चहा टाकू?"

"टाक," मावशी मान वर न करता म्हणाली. "साखर जरा जास्त."