घरत सरांची भरतीची वही

घरत सरांना कोणी तारीख विचारली की ते खिडकीबाहेर बघत आणि तिथी सांगत. रजेच्या अर्जावर तिथी, हजेरीपटावर तिथी. एकदा तर विद्यापीठाला पाठवायच्या पत्रावर त्यांनी 'ज्येष्ठ वद्य षष्ठी' असं लिहून खाली झोकदार सही केली. प्राचार्यांनी तारीख घाला म्हणून पत्र परत पाठवलं. सरांनी षष्ठी खोडून सप्तमी केली, कारण तोवर एक दिवस उलटला होता.

अशा माणसाच्या हाताखाली मी आठ महिने काढले.

मी रोह्याची. पुण्याला कॉम्प्युटर शिकून आले, तेव्हा पेणच्या कॉलेजात एक नवा वर्षभराचा कोर्स निघाला होता. कॉम्प्युटरवर आकडेवारी कशी भरायची, तिची सरासरी कशी काढायची, आलेख कसे काढायचे, असला. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अठरा विद्यार्थी आणि मी तात्पुरती. वर्षाअखेरीस मुंबईहून परीक्षक येणार, मुलांचा प्रकल्प बघणार. त्यांना पसंत पडला तर कोर्स पुढे चालू राहणार आणि माझी नोकरीही. नाही पडला तर मी रोह्याला घरी आणि ही अठरा मुलं प्रमाणपत्राविना. कोर्सचे प्रमुख घरत सर, कारण संख्याशास्त्र शिकवणारे कॉलेजात तेवढे एकच होते. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, आणि पँटच्या टोकाला बारा महिने वाळलेला चिखल. मूळचे खाडीकाठचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. आता रामवाडीत एका खोलीत राहत.

पहिला महिनाभर त्यांनी मुलांना कॉम्प्युटरला हातच लावू दिला नाही. "आधी कागदावर," म्हणाले. अठरा जणं फूलस्केपवर पट्टीने उभ्या-आडव्या रेघा मारून पेन्सिलीने आकडे भरत बसली आणि मी शेजारच्या खोलीत चार बंद कॉम्प्युटरांवरची धूळ पुसत बसले. मी तणतणत गेले की सर शांतपणे सांगत, "मॅडम, मशीन चुकत नाय, त्याचीच तर भीती. आपण चुकलो तर ती चूक ते मुकाट पुढं नेतं." मी पाय आपटत परत धूळ पुसायला जायची.

दुसरं खूळ रिकाम्या रकान्याचं. मुलांनी रामवाडीत घरोघर जाऊन माहिती गोळा केली. घरात माणसं किती, कंपनीत शिफ्टला किती जातात. एक घर बंद होतं. मी म्हटलं, तिथे सरासरी टाका आणि पुढे चला, पुस्तकातही तसंच सांगितलंय. सर ताडकन उठले. "आकडा उपाशी ऱ्हाईल, पण उष्टं नाय खायचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग खांब गावाहून येणाऱ्या वर्गातल्या सुरेखाला त्या घरी पिटाळलं, एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या खेपेला दार उघडलं. त्या घरच्या आजीने सुरेखाला जेवू घातलं आणि घरात चार माणसं असल्याचं सांगितलं.

"बघा सर, सरासरीसुद्धा चारच येत होती," मी म्हटलं.

"येत व्हती. पण आता इचारलेली हाय," सर म्हणाले आणि इतके खूष झाले की सगळ्या वर्गाला चहा पाजला. मी कपाळाला हात लावला.

पण माझ्या खरे नाकी नऊ आले ते प्रकल्पाच्या वेळी. प्रकल्पासाठी सरांनी घरून वह्यांचा गठ्ठा आणला, खाकी कव्हरच्या, खाऱ्या हवेने फुगलेल्या. त्यांच्या गावाला खाडीचं पाणी अडवणारा बांध आहे. बांधात पाणी सोडायची दारं, त्यांना उघाडी म्हणतात. उघाडीच्या दगडी खांबावर फुटांच्या खुणा रंगवलेल्या. रोजच्या भरतीला पाणी कितव्या खुणेपर्यंत चढलं, याची ती नोंद होती, वीस-बावीस वर्षांची. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं, म्हणजे कमी चढणारं पाणी, पाच-साडेपाच फूट. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, मग नऊ, साडेनऊ. दहावर गेलं की बांध फुटतो आणि खारं पाणी भातशेतात शिरतं. मग दोन-तीन वर्षं त्या शेतात पीक नाही.

माहिती सोन्यासारखी होती, मला एवढं तरी कळत होतं. पण सगळी तिथीवार! मी सरांना समजावलं की लोटसला, म्हणजे आकडे भरायच्या आमच्या प्रोग्रॅमला तारीख कळते, तिथी कळत नाही. सर म्हणाले, "पाण्याला तिथी कळते, तारीख नाय. आपण पाण्याचं मोजतो की मशीनचं?" मी हात टेकले. चैत्राला एक, वैशाखाला दोन असे महिन्यांना नंबर दिले. तिथीचा क्षय झाला की एक ओळ गायब व्हायची, वृद्धी झाली की एक जास्तीची यायची, आणि मी पंचांग मांडीवर घेऊन कॉम्प्युटरसमोर बसलेली बघून शिपाईसुद्धा हसायचे. असाच वहीतल्या एका वर्षात अधिक आषाढ निघाला.

"याला नंबर काय द्यायचा, मॅडम?" सुरेखाने विचारलं.

"तेरा दे," मी वैतागून म्हटलं.

"तेरा दिला तर तो फाल्गुनाच्या मागं जाईल. तो ज्येष्ठ नि आषाढाच्या मधला हाय," मागून सर म्हणाले. "साडेतीन द्या."

आणि काय सांगू, साडेतीन चाललं. साडेतीनवा महिना बरोब्बर आपल्या जागी जाऊन बसला. मला त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता.

परीक्षक शुक्रवारी यायचे होते. बुधवारी दुपारी आम्ही सगळ्या वर्षांचे आलेख काढले. पडद्यावर रेघ वर चढायची, खाली यायची, पुन्हा वर. प्रत्येक पौर्णिमेला, प्रत्येक अमावास्येला. मुलं बघतच राहिली. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू. आणि मग तीन वर्षांपूर्वीच्या आलेखात ती रेघ एकाएकी आडवी झाली. पाच, पाच, साडेपाच, पाच. एक्केचाळीस दिवस सरळ. मधल्या पौर्णिमा-अमावास्या पाणी न चढताच निघून गेल्या होत्या.

मी सुरेखावर डाफरले, आकडे नीट भरता येत नाहीत का म्हणून. तिने वही पुढे केली. वहीत तेच आकडे होते, सरांच्या अक्षरात.

मुलं गेल्यावर मी वही सरांच्या टेबलावर ठेवली. "सर, पौर्णिमेला पाच फूट?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "ते खोटं हाय. काढा."

मग मात्र माझा तोल गेला. आठ महिने ज्या माणसाने एका रकान्यासाठी पोरीला तीनदा पायपीट करायला लावली, त्याने स्वतः एक्केचाळीस आकडे मनाने लिहिले होते! मी ते तोंडावर बोलले. सर चष्मा पुसतच राहिले. शेवटी मीच म्हटलं, राहू द्या, हजारो नोंदींमध्ये परीक्षकांच्या लक्षातही येणार नाही. एवढे कोरे रकाने दिसले तर मात्र ते प्रकल्पच बाद करतील. या पोरांचं काय? माझं काय?

"पोरांच्या नावावर माझं खोटं नको गो," ते म्हणाले. मग वहीवर बोट ठेवून, "पण पुसायच्या आधी तेवढं पान छापून द्या मला."

प्रिंटरने ते पान कर्रकर्र करत छापलं. सरांनी त्याची घडी करून पेनांच्या मागे खिशात ठेवली, आणि मी रकाने पुसले. त्यांना ते पान कशाला हवं होतं ते मला कळेना, आणि विचारण्याइतकी मी शांतही नव्हते.

शुक्रवारी परीक्षकांचं बोट नेमकं तिथेच पडलं. "हे कोरे का?"

"तेवढे दिवस बांधावर बघणारं कुणी नव्हतं," घरत सर म्हणाले. "मागून मी मनानं लिवलेलं. ते काढलं."

परीक्षकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं, बाकीचे आलेख पुन्हा एकदा चाळले, आणि असा प्रकल्प बघायला मिळत नाही, म्हणाले. अठराही जणं पास झाली. कोर्स राहिला, मीही राहिले. सुरेखा रडली, आणि मला वाटलं होतं की मी रडणार नाही.

संध्याकाळी सर मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आले. वैताग पुरता गेला नव्हता, म्हणून मी विचारलंच, "सर, तुमच्यासारख्या माणसाने असं का लिहिलं?"

"वह्यांतलं निम्मं पाणी बायकोनं बघितलेलं," सर म्हणाले. "मी नोकरीला हितं, ती गावाला, शेतावर. तिला लिवता नाय यायचं. दाराच्या मागं कोळशानं रेघा मारून ठेवायची, शनिवारी मी जाऊन वहीत उतरवायचो. मग ती आजारी पडली, मुंबईला इस्पितळात ठेवली. मी उशाशी. रोज डोळे उघडले की पहिलं इचारायची, पाणी कुठवर आलं? बांधावर कोण गेलंय बघायला? मी सांगायचो, पाच फूट. शेत सुकं हाय, तू झोप. नि तिला सांगितलेलं तेच वहीत लिवायचो."

"आणि पौर्णिमेला?"

"पौर्णिमेलाबी पाच." सरांनी बाकावर बसून खिशातली ती छापील पानाची घडी चाचपली. "पौर्णिमेला पाच फूट पाणी ऱ्हात नाय, हे तिच्याइतकं कुणाला ठाव? सगळं आयुष्य त्या खांबाशी गेलेलं. पण एकदाबी मला खोटं नाय पाडलं गो. 'बरं झालं' म्हणायची नि कूस बदलायची. एक्केचाळीस दिवस. बेचाळिसाव्या दिवशी इचारणारं कुणी नव्हतं."

आठ महिने मी या माणसाशी तिथीवरून, तारखेवरून, रकान्यांवरून भांडले होते, आणि घरी कोण असतं हे एकदाही विचारलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

रोह्याची गाडी लागली होती. मी ती जाऊ दिली आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसले. काकूंचं नाव काय, ते विचारलं.