मनाचा गुप्तहेर आणि चष्म्याचं दुकान

माणसाच्या मनाचा तळ आजवर जगात फक्त तिघांना दिसला, असं साहेबांचं ठाम मत होतं. पैकी दोघे दाढीवाले होते आणि वारले होते. तिसरे साहेब स्वतः. समोरचा माणूस खुर्ची कशी ओढतो यावरून त्याचं बालपण आपल्याला कळतं, असं ते सांगत. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीचं एक चाक वर्षभर निखळलेलं होतं, हे मात्र त्यांना पडल्यावर कळलं.

साहेब समेट केंद्रात मध्यस्थ होते. कोर्टात साचलेल्या भांडणांपैकी ज्यांत अजून थोडी धुगधुगी आहे असं न्यायाधीशांना वाटे, ती या केंद्रात येत. दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवायचं, मग एकेकाशी बंद दाराआड स्वतंत्र बैठक घ्यायची, आणि दोघांना पटेल असा तोडगा निघेपर्यंत शांत बसायचं, एवढंच मध्यस्थाचं काम. पण गेल्या वर्षी साहेब ‘मानसिक आरोग्य आणि मध्यस्थी’ या दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आले. मध्यस्थाने कुणाच्या मनाचं निदान करायचं नसतं, ते डॉक्टरांचं काम, हे त्या कार्यशाळेतलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सांगितलं गेलं. साहेब जेवून निघाले होते.

तेव्हापासून ते स्वतःला ‘मनाचा गुप्तहेर’ म्हणवून घेत. टायपिस्ट बाईंना हे माहीत होतं, कारण दारावरच्या पाटीचा मजकूर त्यांनाच टाइप करायला सांगितला गेला. बाईंनी तो निमूट टाइप केला, फाइलला लावला आणि ‘वरून मंजुरी यायची आहे’ असं सांगून टाकलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत बाई एवढंच मानसशास्त्र शिकल्या होत्या, पण ते कधी फसलं नव्हतं.

अशात दोन बहिणींचं प्रकरण आलं.

दोघींचं भागीदारीतलं चष्म्याचं दुकान. थोरली नंबर तपासायची, धाकटी काउंटर सांभाळायची. दीड वर्षापूर्वी धाकटी आजारी पडली. ताप नाही, खोकला नाही. सकाळी दुकानाची किल्ली हातात घेऊन पायरीवर बसून राहायची, शटर उघडायचंच नाही. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. वर्षभरात ती सावरली आणि म्हणाली, मी परत काउंटरवर बसते. थोरली म्हणाली, अजून नको. धाकटीने वकील केला. थोरलीने त्याहून महाग वकील केला. शटरला दोन कुलपं लागली, एकेकीचं एकेक. गाळ्याच्या मालकाने महिनाअखेरपर्यंत वाट बघायचं कबूल केलं होतं. त्यानंतर तिथे मोबाइलची कव्हरं विकली जाणार होती.

केंद्राचा नियम तीन बैठकांचा. तिसरी फसली की कागद परत कोर्टात.

पहिली बैठक अशी सुरळीत गेली की बाईंना संशय यायला हवा होता. चार वाजेपर्यंत ठरलं: आठवड्यातले तीन दिवस धाकटीने दुकान उघडायचं, पुढचं पुढे बघू. बाईंनी कच्च्या मसुद्याच्या दोन प्रती काढल्या, एक थोरलीला, एक धाकटीला. घरी नेऊन शांतपणे वाचा, पुढच्या आठवड्यात सही करा. जाताना थोरलीने धाकटीच्या ओढणीचं टोक दारात अडकलेलं सोडवलं, आणि धाकटी चक्क ‘थँक यू ताई’ म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दोघी आल्या त्या दोन वेगवेगळ्या जिन्यांनी. थोरली भिंतीकडे बघून बोलत होती. धाकटी बोलतच नव्हती. साहेबांनी पुन्हा समोरासमोर, पुन्हा स्वतंत्र, असं करत संध्याकाळपर्यंत दोघींना कसंबसं त्याच मुद्द्यावर आणलं. पुन्हा मसुदा निघाला, पुन्हा घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही वकिलांचे फोन आले. करार रद्द.

“बाई,” साहेब म्हणाले, “यात कुणाचा तरी हात आहे.”

“बरं.”

“इथून जाताना मन शांत असतं. घरी पोचेपर्यंत ते पेटतं. काडी कोण टाकतं?”

साहेबांचा पहिला संशय अर्थातच धाकटीवर. त्या खोलीत आपलं डोकं रीतसर तपासून घेतलेली ती एकटीच होती. बाकीच्यांचं शहाणपण विनातपासणी गृहीत धरलेलं होतं. “तिने माझ्या नजरेला नजर दिली नाही,” साहेब म्हणाले. “पूर्ण वेळ माझ्या कपाळाच्या डाव्या बाजूला बघत होती. भ्रम असू शकतो.”

“तुमचा चष्मा डावीकडे कललाय, असं त्या दोनदा म्हणाल्या,” बाई म्हणाल्या.

“विषय टाळते, हेही मी टिपून ठेवलंय.”

दुसरा संशय थोरलीच्या नवऱ्यावर. हे गृहस्थ शाळेत भूगोल शिकवत आणि बैठकीच्या वेळी खाली बाकावर बसून वह्या तपासत. इतका शांत माणूस आतून शांत असूच शकत नाही, असं साहेबांनी ताडलं आणि काळा चष्मा लावून एक संध्याकाळ त्यांचा पाठलाग केला. गृहस्थ वाण्याकडे गेले, चक्कीवर गेले, मग एका चौकात गर्रकन वळून म्हणाले, “साहेब, तुम्ही रस्ता चुकलात का? मघापासून बघतोय.” आणि त्यांनी साहेबांना हाताला धरून बरोबर बसमध्ये बसवून दिलं.

“सराईत आहे,” दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले.

तिसरा संशय खोलीवर. घड्याळाची टिकटिक मनावर ताण आणते म्हणून घड्याळ उतरवलं. टोकदार कोपरे आक्रमक भावना जागवतात म्हणून टेबल बाहेर गेलं. सकारात्मकतेसाठी कुंडीतलं एक रोप आलं. साहेब त्याला रोज पाणी घालत. ते प्लास्टिकचं आहे हे बाईंनी सांगितलं नाही. साहेबांच्या हाताला तेवढंच एक निरुपद्रवी काम होतं.

तिसऱ्या बैठकीला महिना संपायला दोन दिवस उरले होते. टेबल नसल्यामुळे दोघी बहिणी गुडघ्यांवर पर्स ठेवून बसल्या होत्या, दवाखान्यात नंबर लावल्यासारख्या. साहेबांनी मध्यस्थीचं सगळं सामर्थ्य पणाला लावून एक दीर्घ श्वास घेतला.

“आपल्यातला खरा गुन्हेगार,” ते म्हणाले, “या खोलीत नाही.”

“साहेब, मला एक विचारायचंय,” धाकटी म्हणाली. पर्समधून तिने चार घड्या घातलेला मसुदा काढला. “सही दोन्ही बाजूंवर करायची का?”

“दोन्ही म्हणजे?”

“पुढच्या बाजूला करार आहे. मागे मी ढोंगी आहे असं लिहिलंय. मला पुढचं मान्य आहे.”

थोरलीनेही आपली प्रत काढली आणि उलटी केली. “माझ्या मागे, मी बहिणीच्या दुखण्यावर जगणारी हुकूमशहा. दुसऱ्या बैठकीच्या प्रतीत ‘सत्तापिपासू’ आहे. तो शब्द मी कोशात शोधला.”

दोन्ही कागदांवर साहेबांचं अक्षर होतं. हे अक्षर केंद्रात कुणाला लागत नसे, पण या दोघींनी उभं आयुष्य डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात घालवलेलं होतं.

“वर काय लिहिलंय बघ,” धाकटी बहिणीला म्हणाली. “‘स्वतंत्र बैठक, थोरली.’ म्हणजे तू आत जाऊन हे सांगितलंस.”

“मी? मी आत वीस मिनिटं रडले. बोलले कुठे काय? आणि माझ्या कागदावर ‘स्वतंत्र बैठक, धाकटी’ आहे. म्हणजे तूच म्हणालीस की मी हुकूमशहा.”

“मी त्यांना चष्मा सरळ करा म्हणाले.”

दोघींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना पाहायला पुढे कुणी नव्हतं, म्हणून त्या बोलल्या.

“कच्चे मसुदे पाठकोऱ्या कागदांवर काढायचे, असा साहेबांचा आदेश आहे. ट्रेमधले कागद मी तसेच मशीनला लावते.” त्या थांबल्या. “माझंच चुकलं, उलटून बघायला हवे होते. पण स्वतंत्र बैठकीची टिपणं फाडून टाकायची असतात, साहेब. ती पाठकोऱ्यांच्या ट्रेमध्ये कशी आली?”

“लपवली होती,” साहेब म्हणाले. “रद्दीत कुणी गुपित शोधत नाही. हे तपासशास्त्राचं मूलतत्त्व आहे.”

थोरलीची बैठक आधी, म्हणून तिचं टिपण खाली. धाकटीची नंतर, म्हणून तिचं वर. मशीन वरचा कागद आधी ओढतं, आणि पहिली प्रत मानाने थोरलीला मिळते. दोन्ही वेळा एकीच्या बैठकीत साहेबांनी काढलेले निष्कर्ष दुसरीच्या घरी पोचले होते. इतकं चोख काम केंद्रात दुसऱ्या कुठल्याही यंत्राने आजवर केलेलं नव्हतं.

“मग इतके दिवस विचारलं का नाहीत?” बाईंनी विचारलं.

“काय विचारणार? मला वाटलं ही मनातलं बोलली,” थोरली म्हणाली.

“मलाही,” धाकटी म्हणाली. “परवा आमच्या डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मनात धरून बसण्यापेक्षा जाऊन सरळ विचार. म्हणून विचारलं.”

सरळ विचारण्याचं शिक्षण त्या खोलीत धाकटीला एकटीलाच मिळालेलं होतं, आणि तेही आजारी पडल्यामुळे.

दोघी आपापली प्रत उलटसुलट करत राहिल्या. घड्याळ नसल्यामुळे किती वेळ ते सांगता येणार नाही.

“तू आत रडलीस कशाला?” धाकटीने विचारलं.

“त्या दिवशी तू पायरीवर बसलेली. मी समोरून आले, हाका मारल्या, तू माझ्याकडे बघितलंस आणि ओळखच दाखवली नाहीस. मला ते परत बघायचं नाही.”

“मग हेच सांगायचं ना, ताई. काउंटर झेपणार नाही, गिऱ्हाईक काय म्हणेल, ही कारणं कशाला?”

“सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, तू मला आजारी समजतेस.”

“समजतेसच की.”

“होतीस ना आजारी. मग काय समजू?”

धाकटीला हसू आलं. थोरलीला आलं नाही, पण तिने पर्स गुडघ्यावरून खाली ठेवली.

साहेब पुढे सरसावले. “हा जो क्षण आहे, याला मानसशास्त्रात...”

“तुम्ही थांबा,” दोघी एकदम म्हणाल्या. भांडण लागल्यापासून मध्यस्थाविना त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

उरलेला करार त्यांनी बाईंच्या मशीनपाशी उभं राहून केला. धाकटीने उघडायचं, थोरलीने अकराला यायचं.

“मी मधेमधे फोन करणार.”

“एकदा.”

“तीनदा.”

“दोनदा. आणि ‘गोळी घेतलीस का’ हे विचारायचं नाही.”

“मग विचारू काय?”

“गिऱ्हाईक किती आली, ते विचार. आणि मला बरं वाटत नसेल तर मीच सांगेन. माझ्या तोंडाने.”

बाईंनी ते जसंच्या तसं टाइप केलं, कोऱ्या कागदावर. देताना दोन्ही प्रती उलटून दाखवल्या. दोघींनी सह्या केल्या.

साहेबांनी त्या महिन्याच्या अहवालात लिहिलं: ‘पक्षकारांच्या सुप्त मनातील परस्परप्रतिमा नियंत्रित धक्क्याने पृष्ठभागावर आणून प्रकरण यशस्वीरीत्या निकाली.’ बाईंनी तेही टाइप केलं. वरून शाबासकीचं पत्र आलं.

सोमवारी साडेनऊला धाकटीने शटर उघडलं. पावणेदहाला पहिलं गिऱ्हाईक आलं. त्याला चष्म्याला लावायची दोरी हवी होती. काळी नव्हती, म्हणून त्याने तपकिरी घेतली.